हॉलमधला संगणक आणि बाबांची पाच बटणं: डेस्कटॉपवरची गाणी-सिनेमे रिमोटने कसे चालवायचे

पुण्यात कर्वेनगरच्या आमच्या घरात हॉलच्या कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप आहे. बाबांनी आयुष्यभर जमवलेल्या कॅसेटी मी तीन उन्हाळे बसून त्यावर उतरवल्या: नाट्यपदं, कीर्तनं, रेडिओवरून टेप केलेल्या मैफिली. संगणक टीव्हीला जोडला, आवाज उत्तम आला आणि मी स्वतःवर खूश झाले. पण गाणं बदलायचं तर बाबांना खुर्चीतून उठायचं, जवळचा चष्मा शोधायचा, माऊस धरायचा आणि पडद्यावरचा मुंगीएवढा बाण हुडकायचा. आठवड्याभरात ते म्हणाले, "अगं, कॅसेट प्लेअरला पाच बटणं होती. एवढ्या मोठ्या यंत्राला पाच बटणं देता येत नाहीत?"

देता येतात. फक्त सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की केली की पुढचा गोंधळ टळतो: संगणकाला रिमोट कळत नाही, त्याला कीबोर्ड कळतो. बाजारात मिळणारा किंवा घरी जुळवलेला कोणताही रिमोट शेवटी संगणकाला "स्पेसबार दाबला", "खालचा बाण दाबला", "आवाज वाढव" एवढंच सांगत असतो. म्हणून एखादं बटण चालेनासं झालं की पहिला प्रश्न असा विचारायचा: हे बटण संगणकाला कोणती कळ म्हणून ऐकू जातंय?

टीव्हीचाच रिमोट का चालत नाही?

हा प्रश्न सगळे विचारतात, तो आधी निकालात काढू. संगणक टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआय केबलमध्ये सीईसी नावाची एक वेगळी तार असते, जोडणीतली तेरावी पिन. त्या तारेवरून टीव्ही आपल्या रिमोटची बटणं दुसऱ्या यंत्राला कळवू शकतो. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक आणि सोनी ब्राव्हिया सिंक, वस्तू एकच. पण डेस्कटॉपच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांवर ही तार कुठे जोडलेलीच नसते, त्यामुळे टीव्ही हाका मारत राहतो आणि संगणक ढिम्म. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर मात्र सीईसी चालतं. डेस्कटॉपसाठी पल्स-एट कंपनीचा वेगळा यूएसबी अडॅप्टर आहे, पण पाच बटणांसाठी एवढा खटाटोप मला पटला नाही.

राहिले तीन मार्ग: यूएसबी डोंगलचा रिमोट, मोबाईल, आणि घरातला जुना इन्फ्रारेड रिमोट. घरात वयस्कर माणूस असेल तर पहिला घ्या. एकटे राहत असाल तर दुसरा फुकटात होतो. तिसरा हाताला खाज असलेल्यांसाठी, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात मजा त्यातच आली.

आधी प्लेअर, मग रिमोट

रिमोट विकत घेण्याआधी प्लेअर ठरवा. मी उलट केलं आणि पस्तावले. व्हीएलसी हा गुणी प्लेअर आहे, कुठलीही फाइल उघडतो, पण त्याचे मेनू माऊससाठी बनलेले आहेत. दहा फुटांवरून बाण दाबत त्यात फाइल शोधणं म्हणजे शिक्षा. खुर्चीतून चालवायचं असेल तर कोडी बसवा. पूर्वी त्याचं नाव एक्सबीएमसी होतं, २०१४मध्ये बदललं. मोफत आहे, अक्षरं मोठी आहेत आणि चार बाण, ओके आणि मागे एवढ्या सहा बटणांवर त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट होते.

कोडी बसवल्यावर 'म्युझिक'मध्ये जाऊन 'फाइल्स', मग 'अ‍ॅड म्युझिक' निवडा आणि आपला फोल्डर दाखवा. सिनेमे-कीर्तनांच्या व्हिडिओंसाठी 'व्हिडिओज'मध्ये हेच करायचं. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसले तर घाबरू नका. 'सेटिंग्ज', 'इंटरफेस', 'स्किन' या वाटेने जा आणि 'फॉन्ट्स'मध्ये एरियलवर आधारित पर्याय निवडा.

आवाज टीव्हीऐवजी संगणकाच्याच स्पीकरमधून येत असेल तर विंडोजच्या खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुट म्हणून टीव्ही निवडा. इथे आणखी एक घोळ असतो. आवाज तीन ठिकाणी कमी-जास्त होतो: कोडीत, विंडोजमध्ये आणि टीव्हीवर. टीव्हीचा आवाज एकदा मध्यावर लावून त्याला हात लावायचा नाही असं घरात ठरवून टाका, नाहीतर रोज संध्याकाळी "आवाज गेला" म्हणून हाक येईल. आणि कोडीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'पासथ्रू', म्हणजे आवाज जसाच्या तसा टीव्हीकडे पाठवायची सोय, चालू असेल तर त्या आवाजावर कोडीचं व्हॉल्यूम चालत नाही. ते बंद ठेवा.

मार्ग पहिला: डोंगलवाला रिमोट

दुकानात याला 'एअर माऊस' म्हणतात. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन हजाराच्या आत-बाहेर मिळतो. सोबत नखाएवढं डोंगल येतं, ते यूएसबीत खोचलं की विंडोज त्याला कीबोर्ड आणि माऊस म्हणून ओळखतं. ड्रायव्हर वगैरे काही लागत नाही. तो २.४ गिगाहर्ट्झ रेडिओवर चालतो, त्यामुळे संगणकाकडे रोखून धरावा लागत नाही. पांघरुणाखालून दाबला तरी चालतो.

घेताना तीन गोष्टी बघा. हवेत हलवल्यावर पडद्यावरचा बाण हलतो ती सोय बंद करायचं बटण हवंच, कारण म्हाताऱ्या हातात तो बाण सैरभैर धावतो. प्ले-पॉजचं स्वतंत्र बटण हवं. आणि बटणं रबराची, उठावदार हवीत. गुळगुळीत पृष्ठभागावर अंधारात काही सापडत नाही. माईकच्या बटणासाठी जास्तीचे पैसे मोजू नका, डेस्कटॉपवर ते बहुधा शोभेचंच ठरतं.

डोंगल कुठे लावता याला महत्त्व आहे. संगणकाच्या मागचे निळे यूएसबी पोर्ट बहुतेक वेळा यूएसबी ३.०चे असतात. त्यांच्यातून डेटा वाहताना जो रेडिओ गोंगाट होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. आमच्याकडे हार्डडिस्क निळ्या पोर्टला आणि तिच्या शेजारीच डोंगल. गाणं सुरू असलं की रिमोट अडखळायचा, बंद केलं की ठणठणीत. दोन दिवस मी सेल बदलत बसले. मग मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन वायर घेतली, काळ्या पोर्टला लावली आणि डोंगल टीव्हीखालच्या फळीवर आणून ठेवलं. तेव्हापासून तक्रार नाही. डेस्कटॉप लोखंडी कपाटामागे असेल तर ही वायर घ्याच.

आता बटणांची उजळणी. नोटपॅड उघडा आणि एकेक बटण दाबून काय होतं ते वहीत लिहा. दोन ठिकाणी हमखास विचित्र गोष्टी घडतात. 'होम' दाबलं की विंडोज इंटरनेटचा ब्राउझर उघडतं, कारण ही बटणं मुळात अँड्रॉइडच्या डब्यांसाठी असतात. आणि 'पॉवर' दाबलं की टीव्हीऐवजी संगणकच झोपतो. बाबांनी पहिल्याच दिवशी टीव्ही बंद करायला ते दाबलं आणि "बिघडलं तुझं" असा निर्वाळा दिला.

होमचा इलाज: मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात 'कीबोर्ड मॅनेजर' चालू करा, 'रीमॅप अ की' उघडा, डावीकडे रिमोटवरचं बटण दाबून नोंदवा आणि उजवीकडे हवी ती कळ निवडा. मी होमच्या जागी एस्केप दिलं. पॉवरटॉइज मागे चालू असेल तरच ही अदलाबदल टिकते, म्हणून ते संगणकासोबत सुरू होऊ द्या. पॉवरचा इलाज: विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'पॉवर बटण दाबल्यावर' आणि 'स्लीप बटण दाबल्यावर' काय व्हावं ते ठरवता येतं. तिथे दोन्हीकडे 'काही करू नका' निवडा.

उलट, झोपलेला संगणक रिमोटने जागा व्हावा असं वाटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्ड्सखाली डोंगलची नोंद शोधा आणि पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर संगणकाला जागं करण्याच्या परवानगीची खूण करा. तरीही होत नसेल तर मदरबोर्डच्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, ईआरपी नावाची वीजबचत चालू असते. ती यूएसबीची वीजच तोडते, बंद करा.

कोडीतला दहा मिनिटांचा खड्डा

कोडीत एकाच बटणाचा अर्थ पडद्यानुसार बदलतो. मेनूत वरचा बाण म्हणजे वरची ओळ. पण व्हिडिओ पूर्ण पडद्यावर चालू असताना तोच बाण पुढच्या प्रकरणावर उडी मारतो आणि प्रकरणं नसतील तर थेट दहा मिनिटं पुढे नेतो. बाबा आवाज वाढवायला वरचा बाण दाबायचे. पूर्वरंग संपायच्या आत कीर्तन उत्तररंगात जायचं आणि ते बुवांनाच नावं ठेवायचे.

हे दुरुस्त करायला कोडीच्या 'अ‍ॅड-ऑन्स'मध्ये, अधिकृत रेपॉझिटरीतल्या (संग्रहातल्या) प्रोग्राम विभागात 'कीमॅप एडिटर' आहे. तो बसवा. उघडून 'एडिट', मग 'फुलस्क्रीन व्हिडिओ' निवडा, ऑडिओच्या गटात 'व्हॉल्यूम अप' शोधा, 'एडिट की' म्हणा आणि काही सेकंदांत रिमोटवरचा वरचा बाण दाबा. खालच्या बाणाला व्हॉल्यूम डाउन द्या. बाहेर पडताना 'सेव्ह' म्हणायला विसरू नका. मी विसरले होते आणि सगळं पुन्हा केलं. 'ग्लोबल' गटात मात्र बाणांना हात लावू नका, नाहीतर मेनूतही वर-खाली जाता येणार नाही.

मार्ग दुसरा: मोबाईल

कोडीसाठी अँड्रॉइडवर कोरे नावाचं त्यांचंच अधिकृत अ‍ॅप आहे. कोडीत 'सेटिंग्ज', 'सर्व्हिसेस', 'कंट्रोल' इथे एचटीटीपीवरून नियंत्रणाला परवानगी द्या, नाव आणि पासवर्ड ठेवा. फोन आणि संगणक एकाच वायफायवर असतील तर अ‍ॅप कोडीला शोधून काढतं.

व्हीएलसीच वापरायचा असेल तर त्यात आयतं वेबपान आहे. 'टूल्स', 'प्रेफरन्सेस' उघडा, खाली डावीकडे 'ऑल' निवडा. 'इंटरफेस'खाली 'मेन इंटरफेसेस'मध्ये 'वेब'वर खूण करा. मग त्याच्याच खालच्या 'लुआ'मध्ये एचटीटीपीचा पासवर्ड द्या, तो नसेल तर पान उघडतच नाही. व्हीएलसी बंद करून पुन्हा सुरू करा, फायरवॉलने विचारलं तर खासगी नेटवर्कसाठी हो म्हणा. आता फोनच्या ब्राउझरमध्ये संगणकाचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक), मग दोन टिंबं आणि ८०८० टाका, म्हणजे १९२.१६८.१.१०:८०८० असं काहीतरी, अर्थात इंग्रजी आकड्यांत. नावाची चौकट रिकामी ठेवायची, फक्त पासवर्ड द्यायचा.

इथे एक गंमत आहे. कोडीचाही ठरलेला पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरच्या दाराचा क्रमांक, ८०८०च. दोन्ही एकदम चालू ठेवलेत तर नंतर आलेल्याला दार बंद मिळतं. कोडीचा बदलून ८०८१ करा. आणि राउटर रोज नवा पत्ता वाटत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवा. सगळं बरोबर असून फोनला संगणक दिसत नसेल तर फोन 'गेस्ट' वायफायवर आहे का बघा. त्यावरच्या यंत्रांना घरातली बाकीची यंत्रं दिसू नयेत अशीच सोय असते.

नुसतं थांबव-पुढे-मागे-आवाज पुरत असेल तर बऱ्याच प्लेअरसाठी केडीई कनेक्ट नावाचं अ‍ॅप पुरेसं आहे. ते विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं, एकदा जोडी जुळवली की झालं. मी स्वतःसाठी तेच वापरते. बाबांना मात्र फोनचा मार्ग जमला नाही. फोन लॉक होतो, मधेच आत्याचा फोन येतो, आणि रिमोट कानाला लावून बोलत असताना गाणं थांबवायचं कशाने?

मार्ग तिसरा: अडगळीतला रिमोट

सेट-टॉप बॉक्स गेला पण रिमोट राहिला, असं प्रत्येक घरात असतं. तो कामी येतो का ते आधी बघा. मोबाईलचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं टोक त्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट इन्फ्रारेड आहे आणि जिवंत आहे. पुढचा कॅमेरा एवढ्यासाठी की मागच्यावर बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारा पडदा असतो. ठिपका दिसलाच नाही तर सेल गेलेत किंवा रिमोट ब्लूटूथचा आहे. दुसऱ्या बाबतीत तो बाजूला ठेवा. रिमोट टीव्हीच्याच कंपनीचा नसावा, नाहीतर एका बटणावर दोघं नाचतील.

सोल्डरिंगच्या भानगडीत पडायचं नसेल तर फ्लर्क नावाचं तयार यूएसबी डोंगल आहे. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावरची कळ निवडायची आणि जुन्या रिमोटवरचं बटण दाबायचं, ते लक्षात ठेवतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, इन्फ्रारेडची समज आधीपासून आहे, जुन्या विंडोज मीडिया सेंटरचे रिसीव्हर त्यावर थेट चालतात.

मी हाताने केलं. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथे हे मागा: ३८ किलोहर्ट्झचा इन्फ्रारेड रिसीव्हर, चार जंपर वायर, आणि एटीमेगा ३२यू४ चिप असलेला आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), म्हणजे लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो. नेहमीचा उनो (आर-३) घेऊ नका. त्याच्या मुख्य चिपमध्ये यूएसबी नाही, त्यामुळे तो सहजी कीबोर्डचं सोंग घेऊ शकत नाही. काउंटरवर गर्दी असते आणि दुकानदाराला वेळ नसतो, म्हणून यादी कागदावर न्या.

रिसीव्हरला तीन पाय असतात आणि त्यांचा क्रम नंबराप्रमाणे बदलतो. टीसॉप १७३८मध्ये फुगीर बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून ग्राउंड, पाच व्होल्ट, आउटपुट. टीसॉप ३८२३८मध्ये आउटपुट, ग्राउंड, व्होल्ट. मी पहिल्याचा क्रम दुसऱ्याला लावला आणि बोट भाजेपर्यंत कळलं नाही. आउटपुटचा पाय आर्डुइनोच्या कोणत्याही डिजिटल पिनला द्या. व्होल्टच्या वायरीत १०० ओमचा रेझिस्टर, आणि रिसीव्हरच्या व्होल्ट-ग्राउंड पायांमध्ये ४.७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावलात तर खोटे सिग्नल कमी होतात.

पुढचं काम संगणकावर. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये आयआर-रिमोट ही लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्या, तिच्यासोबतचा रिसीव्हिंगचा नमुना प्रोग्रॅम चढवा, सीरियल मॉनिटर उघडा आणि एकेक बटण दाबा. प्रत्येकाचा प्रोटोकॉल, पत्ता आणि आज्ञेचा आकडा दिसेल, वहीत उतरवा. मग आज्ञेच्या आकड्यावरून कळ पाठवणारा प्रोग्रॅम लिहायचा. साध्या कीबोर्ड लायब्ररीत प्ले-पॉज, आवाज या कळा नसतात, त्यासाठी एचआयडी-प्रोजेक्ट ही लायब्ररी लागते.

दोन खाचखळगे इथे आहेत. बरेच रिमोट एनईसी पद्धतीचे असतात. त्यात बटण दाबून धरलं की पूर्ण आज्ञा एकदाच जाते आणि नंतर साधारण दर ११० मिलिसेकंदांनी फक्त "तेच पुन्हा" असा छोटा इशारा जातो. लायब्ररी तो इशारा वेगळा ओळखून देते. आवाजाच्या बटणांसाठी तो माना, प्ले-पॉजसाठी झिडकारा. हातात जोर असणारी माणसं बटण सेकंदभर दाबून ठेवतात, आणि तेवढ्यात गाणं पाच वेळा थांबतं नि पाच वेळा सुरू होतं. दुसरा, फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत प्रत्येक नव्या दाबाला एक बिट उलटसुलट होतो. कच्चा आकडा बघितलात तर एकाच बटणाचे दोन आकडे दिसतील. रिमोट बिघडलेला नाही. आज्ञेचा भाग तेवढा वाचा.

रिसीव्हर टीव्हीखाली समोर दिसेल असा ठेवा. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट त्यावर पडत असेल तर तो आंधळा होतो, जागा हलवा.

गुरुवार

पुण्यात देखभालीसाठी वीज जायची ती गुरुवारी, हे सांगायला नको. लाइट आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा म्हणून बायॉसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं ती ओळ शोधा आणि 'पॉवर ऑन' करा. कोडी आपोआप उघडायला विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, चौकटीत इंग्रजीत शेल आणि स्टार्टअप हे शब्द मधे फक्त दोन टिंबं देऊन, जागा न सोडता लिहा आणि उघडलेल्या फोल्डरमध्ये कोडीचा शॉर्टकट टाका. बाबांसाठी मी पासवर्ड नसलेलं वेगळं खातं केलंय. त्यात फक्त गाणी आहेत. बँकेचं काही त्या खात्यावर उघडायचं नाही, हा घरचा नियम.

तरी अधूनमधून "दाबतोय पण काही होत नाही" अशी हाक येते. दर वेळी कारण जवळपास सारखंच: विंडोजने अपडेटची चौकट कोडीच्या पुढे आणून ठेवलेली असते आणि सगळी बटणं त्या चौकटीकडे जात असतात. त्या खात्यावर सूचना बंद करा, आणि घरच्यांना एवढं शिकवा: कीबोर्डवर ऑल्ट धरून टॅब, कोडी पुढे येईपर्यंत.

रिमोटवरची बाकीची बटणं मी काळ्या इन्सुलेशन टेपने झाकली आहेत. उघडी आहेत ती चार बाण, ओके, मागे, प्ले-पॉज आणि आवाजाची दोन. नऊ झाली. प्ले-पॉजवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. बाबा मोजून म्हणाले, "पाच म्हणालो होतो."